गाडी एक, ॲव्हरेज दोन

पिकअपला चाकं चार असतात आणि ॲव्हरेज दोन. एक टपरीवर सांगायचं, दुसरं भाडं ठरवताना. टपरीवर गाडी लिटरला सोळा देते. समोर क्रेट भरायला शेतकरी उभा राहिला की तीच गाडी, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर असून आठवर येते. "परवडत नाही हो दादा, आठ देते गाडी. घाटात तर सहाच धरा." दोन्ही आकडे सांगताना मालकाचा चेहरा सारखाच प्रामाणिक असतो, कारण दोन्ही आकडे त्याला त्या त्या वेळी मनापासून पटलेले असतात. खरं ॲव्हरेज किती, असं विचारणारा माणूस एक तर नवखा असतो, नाही तर घरचा.

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. तिथल्या कुठल्याही टपरीवर पहाटे उभं राहा. कानाला मफलर, हातात कटिंग आणि नजर समोरच्या पंपाच्या दरफलकावर, असे एक गृहस्थ दिसतील. या लेखापुरतं त्यांना अण्णा म्हणू. जुन्नर-आंबेगावात असे अण्णा चौकाला दोन या हिशेबाने सापडतात. त्यांची पांढरी पिकअप १.७ टनाची. पुढच्या काचेवर ओझरचा विघ्नहर, मागच्या फाळक्यावर 'आईचा आशीर्वाद'. आशीर्वाद आईचा असला तरी हप्ता फायनान्सचा आहे आणि तो दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पहाटेपर्यंत वाशी गाठायची. जायचे साधारण १६० किलोमीटर, यायचे तेवढेच. या सव्वातीनशे किलोमीटरांत डिझेल कसं वाचवावं, हा अण्णांच्या आयुष्याचा विषय आहे. मुलीच्या लग्नावर त्यांनी केला नसेल एवढा विचार त्यांनी यावर केला आहे.

एके काळी हा विचार महिन्यातून दोनदाच करावा लागे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरातून अंग काढून घेतलं, तरी कंपन्या दर बदलायच्या ते १ आणि १६ तारखेला. १५ तारखेच्या रात्री पंपावर जत्रा भरायची, मंडळी एकमेकांना भेटायची, सोयरिकीसुद्धा जुळायच्या. १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू लागला आणि अण्णांची झोप कायमची पातळ झाली. देवपूजेच्या आधी दर बघायचा, हा नियम तेव्हापासूनचा.

दराशी त्यांचा पहिला मोठा सामना झाला २०२१ च्या दिवाळीत. ऑक्टोबरात मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली होती. 'दिवाळीनंतर एकशे दहा' अशी खात्रीची बातमी अण्णांना एका ढाब्यावर मिळाली. ३ नोव्हेंबरला दुपारी त्यांनी टाकी फुल केली. नुसती फुल नाही. फाळक्याला धरून गाडी हलवली, आतली हवा बाहेर काढली आणि आणखी पाऊण लिटर बसवलं. संध्याकाळी केंद्राने अबकारी कर डिझेलला लिटरमागे १० रुपयांनी कमी केला. पन्नास लिटरला पाचशे रुपये, वर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, म्हणजे त्यातही फरक. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला अण्णांनी गाडीला हार घातला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तेव्हा शपथ घेतली की टाकी पुन्हा कधी भरायची नाही. पाचशेचं टाकायचं, पाचशेचं जाळायचं. पाचशेत तेव्हा पाच-साडेपाच लिटर येई आणि तेवढ्यात वाशी येत नाही. त्यामुळे एका खेपेला तीनदा थांबावं लागे. थांबलं की चहा, चहा म्हटलं की वडापाव, आणि क्लीनरला सोडून एकट्याने खाणं बरं दिसत नाही. पुढचे १३७ दिवस दर जागचा हलला नाही. मधे पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. अण्णांना वाटलं, आपल्या शपथेचा परिणाम. निकाल लागले, आणि २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा दर वाढला. रोजचे ८० पैसे म्हणत म्हणत पुरे दहा रुपये. अण्णा रिकाम्या टाकीनिशी रोज त्याला सामोरे गेले. मग शपथ मोडली. २१ मेच्या सकाळी त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि त्याच संध्याकाळी केंद्राने डिझेल ६ रुपयांनी स्वस्त केलं.

तेव्हापासून अण्णांनी टाकी फुल करायला सांगितली की पंपावरची पोरं आपल्या मोटारसायकलींमध्ये पेट्रोल टाकायचं उद्यावर ढकलतात.

पंपावरचा अण्णांचा विधी लग्नातल्या विधींपेक्षा काटेकोर आहे. इंजिन बंद, खाली उतरायचं, मशीनसमोर उभं राहायचं, पोरगा "झिरो बघा" म्हणाला तरी त्याच्यावर विश्वास न ठेवता झिरो बघायचा. हजार कधी सांगायचे नाहीत, १,०१० सांगायचे. कारण गोल आकड्याला मशीन 'सेट' केलेलं असतं, हे पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. आता अडचण अशी की गोल आकडा सांगणारा माणूस पंपावर उरलेलाच नाही. सेटिंग करायचंच झालं तर पंपवाला ते १,०१० ला करील, हे अण्णांच्या डोक्यात अजून आलेलं नाही. न येवो. आलं तर ते १,०१७ सांगतील.

डिझेल पहाटेच घ्यायचं, हाही एक नियम. थंडीत डिझेल आकसतं, म्हणून तेवढ्याच लिटरात जास्त बसतं. यात खोटं काही नाही; अंशामागे साधारण ०.०८ टक्के एवढा फरक पडतो. टाकीतलं डिझेल दहा अंशांनी थंड असलं तर पन्नास लिटरमागे चारशे मिलिलिटरचा, म्हणजे छत्तीसेक रुपयांचा लाभ. फक्त पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते आणि तिथे पहाट झालेली तिला लवकर कळत नाही. अण्णांना कळते. ते साडेचारला उठतात आणि जवळचा पंप सोडून सहा किलोमीटर पुढच्या पंपावर जातात, कारण 'तिथलं डिझेल दाट आहे'. घनतेचा आकडा पंपावर लिहिलेला असतो. अण्णा तो दुधाच्या फॅटसारखा वाचतात. जास्त तेवढं चांगलं. जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. दाट डिझेलपैकी एक लिटर त्यातच जातं.

एकदा त्यांना संशय आला की माप कमी पडतंय. संशय येण्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही. ते वीस वर्षांपासूनचं असावं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत नियमात बसते. हे सगळं पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, त्यामुळे अण्णा त्या दिवशी कायद्यासह आले.

"पाच लिटरचं माप काढा."

मॅनेजर शांतपणे आत गेला. मागे दुधाची गाडी, दोन ट्रॅक्टर आणि शाळेची एक व्हॅन. व्हॅनमधली पोरं खिडकीतून माना काढून बघायला लागली, कारण प्रयोगशाळेचा तास त्यांना शाळेत क्वचितच मिळतो. माप आलं, पाण्याच्या पातळीच्या पट्टीने सपाट जागा शोधली गेली, डिझेल ओतलं, फेस बसेपर्यंत दूधवाल्याने सहा वेळा हॉर्न वाजवला. डिझेल बरोबर रेघेवर.

"बरोबर आहे ना अण्णा?"

"आज बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

सरहद्दीवरच्या पिकअपवाल्यांचं दुःख निराळं. त्यांना स्वस्त डिझेल समोर दिसत असतं. सिंधुदुर्गातल्यांना गोवा, नवापूरकडच्यांना गुजरात आणि कोल्हापूरकरांना निपाणी. अण्णांचे साडू कोल्हापुरात टेम्पोच्या धंद्यात आहेत. कर्नाटकात डिझेल लिटरला चार-पाच रुपयांनी स्वस्त होतं, त्या काळात ते खास टाकी भरायला निपाणीला जात. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून जायचे चाळीस किलोमीटर, यायचे चाळीस. पन्नास लिटरवर अडीचशे रुपये वाचवायला सहाशेचं डिझेल. शिवाय निपाणीत गेल्यावर हात हलवत परत येणं घरच्यांना आवडत नाही, म्हणून मेहुणीबाई दर वेळी मिरच्या आणि तंबाखूच्या पुड्या आणायला सांगत. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा कर २१.१७ टक्क्यांवर नेला आणि हा फरक पुष्कळच आटला. साडू अजूनही जातात. आता मिरच्यांसाठी.

वाशीला जाणाऱ्यांचंही असंच एक कुंपण होतं. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या हद्दीत डिझेलवरचा व्हॅट २४ टक्के आणि बाकी महाराष्ट्रात २१. त्यामुळे हद्दीच्या अलीकडचा शेवटचा पंप गाठेपर्यंत काटा लाल रेघेखाली घालवण्याची एक शर्यतच लागायची. अण्णांची गाडी पनवेलच्या पुढे एकदा बंद पडली आणि मग पाच लिटरच्या कॅनचं डिझेल आणायला रिक्षाचे दीडशे गेले. वर टाकीत हवा शिरली म्हणून मिस्त्रीचे चारशे. जुलै २०२४ पासून व्हॅट दोन्हीकडे सारखा झाला. अण्णांना एकदम पोरकं झाल्यासारखं वाटलं.

आता उताराचा विषय. उतारावर गाडी आपोआप जाते, मग डिझेल कशाला जाळायचं, हा अण्णांचा सिद्धांत. घाटमाथ्यावर आले की गिअर न्यूट्रलला आणि मन समाधिस्थ. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांमागे पोलिसांना अनेकदा हीच बचत सापडली आहे, त्यामुळे या मुद्द्यावर विनोद आखूडच बरा. पण गंमत अशी की त्यात बचतही नाही. मिस्त्रीने अण्णांना ते समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"अण्णा, तुमचं इंजिन कॉमन रेलचं. उताराला गिअरमध्ये ठेवून पाय काढला की कॉम्प्युटर नोझल बंद करतो. डिझेल शून्य."

"आणि न्यूट्रलला?"

"न्यूट्रलला इंजिन जितं ठेवायला थोडंथोडं जातंच की."

"मग बंदच करतो इंजिन."

"बंद केलं की ब्रेक दगडासारखा होतो अन् स्टिअरिंग खांबासारखं."

अण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "तू पंपवाल्याकडून काय घेतोस का रे?"

विज्ञानाशी अण्णांचं वैर आहे असं मात्र समजू नये. ते आवडेल तेवढं घेतात. यात्रेत एकाने डिझेलच्या पाइपवर बांधायचं लोहचुंबक विकलं. त्याने म्हणे डिझेलचे कण एका रांगेत उभे राहतात. कण रांगेत उभे राहिले असतीलही, ॲव्हरेज जागचं हललं नाही. ते लोहचुंबक आता घरच्या फ्रिजवर लाइट बिल धरून आहे. बिलही कमी झालेलं नाही.

मग पुतण्याने पॅरिस काढलं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं आणि खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच पुढे ते सांगून ठेवलंय, हे ऐकून अण्णा पलंगावरून उठून बसले. शेंगदाणा! म्हणजे हे इंजिन आपल्याच माणसांसाठी काढलेलं! स्वयंपाकघरातून आवाज आला, "एका लिटर गोडेतेलाच्या पैशात दोन लिटर डिझेल येतं." अण्णा पुन्हा आडवे झाले. पण पुतण्याकडे अमेरिकाही होती. तिथे २००८ च्या उन्हाळ्यात डिझेल गॅलनला पावणेपाच डॉलरपर्यंत चढलं, तेव्हा कित्येक पिकअपवाल्यांनी गाडीत दुसरी टाकी बसवली आणि हॉटेलात तळणाचं वापरलेलं तेल गाळून, गरम करून तिच्यात घातलं. गाडी सुरू करायची डिझेलवर, गरम झाली की तेलावर न्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची, नाहीतर तेल आत थिजतं. धुराला बटाट्याच्या चिपांचा वास. पुढे पुढे हॉटेलांच्या मागच्या पिंपातलं तेल चोरीला जाऊ लागलं. अण्णांना चोरी करायची नव्हती. ते सरळ फाट्यावरच्या वडेवाल्याकडे गेले.

"शेठ, तळून झाल्यावर उरलेल्या तेलाचं काय करता?"

"उरतंय कुठं अण्णा? त्यातच उद्या नवं ओततो."

तेल पुन्हा पुन्हा तापवण्याला देशात मर्यादा आहे. त्यातले खराब घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खायला चालत नाही, आणि अशा तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये योजनाही काढली. वडेवाल्याच्या कढईपर्यंत ती अजून पोचायची होती. अण्णांनी डिझेलचा तो बेत सोडला. वडेही आठ दिवस सोडले होते.

एवढं करून डिझेल जातं कुठे? ते कळायला गाडीभोवती एक चक्कर मारली तरी पुरे. पुढे लोखंडी गार्ड, तो बैल आडवा आला तर वाकू नये म्हणून जाड. केबिनवर कॅरिअर, त्यावर स्टेपनी, दोर, लोखंडी पहार आणि कशाची तरी अर्धी कणगी. मागे चार मोठे स्पीकर. हे सगळं 'शो'साठी आणि 'शो' वजनाने क्विंटलभर. गाडी १.७ टनाची, भरलेला क्रेट बावीस किलोचा धरला तर सत्याहत्तर बसतात. अण्णा शंभर भरतात. "पाटा टाकून घेतलाय जादा," ते सांगतात. पाट्याने स्प्रिंग वाचते, इंजिनाला कोणी विचारलं नाही. त्यावर ताडपत्री, ती एका कोपऱ्याला नेहमी सुटलेली, शिडासारखी फुगून गाडीला मागे ओढणारी.

चाकातली हवा अण्णा लाथ मारून तपासतात. पंपावर हवा फुकट असते, पण हवेचं मशीन बहुतेक वेळा बंद असतं, आणि चालू असतं तेव्हा अण्णांना घाई असते. १९७८ मध्ये इंधन वाचवण्याच्या कामासाठीच स्थापन झालेली पीसीआरए नावाची सरकारी संस्था आहे. ती वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगते की हवा बरोबर ठेवा, ताशी ४५ ते ५५ च्या दरम्यान चालवा, थांबलात की इंजिन बंद करा. पुतण्याने हे वाचून दाखवलं तेव्हा अण्णा खो खो हसले. पंचावन्नने गेलं तर वाशीचा बाजार उठतो आणि टोमॅटो घरी भाजीला आणावा लागतो. म्हणून भरलेली गाडी ते ऐंशीने पळवतात आणि रिकामी नव्वदने, कारण रिकामी गाडी पळते.

आणि इंजिन बंद करण्याचं म्हणाल तर बॅटरी कमजोर आहे. एकदा बंद केलं की धक्का मारायला माणसं लागतात. म्हणून टपरीवर चहा पिताना गाडी चालूच असते. चाळीस मिनिटं महागाईवर चर्चा होते आणि पाठीमागे ती अर्धा लिटर पिऊन टाकते. महिन्याला हजाराच्या वर गेले. सहा महिन्यांच्या या धुरात नवी बॅटरी आली असती. पण बॅटरीचे पैसे एकदम द्यावे लागतात आणि धुराचे सुट्टे जातात.

खरी खर्चाची जागा अण्णांना ठाऊक नाही असं नाही. ती म्हणजे परतीची वाट. वाशीहून येताना हौद्यात रिकामे क्रेट. वजन नाही, भाडं नाही, वारा मात्र अंगावर घ्यायचा. त्या १६० किलोमीटरांचं तेराशेच्या आसपासचं डिझेल निव्वळ हवा वाहून आणण्यात जातं. 'रिटर्न भाडं' हे दोन शब्द पिकअपवाल्याच्या तोंडात येतात तेव्हा त्याचा आवाज वारकऱ्याने पंढरपूर म्हणावं तसा होतो.

एकदा ते मिळालं. घणसोलीहून मंचरला घरसामान. भाडं अडीच हजार, ठरवलं फोनवर. सामान किती? "फार नाही हो, दोन खोल्यांचं." सकाळी आठला अण्णा इमारतीखाली हजर. तिसरा मजला, लिफ्ट बंद. नऊ वाजता कपाट निघालं आणि साडेनऊला ते जिन्याच्या वळणावर अडकलं. ते आत कसं गेलं होतं, यावर घरमालकांत आणि त्यांच्या मेव्हण्यात मतभेद होते. मेव्हण्याचं म्हणणं की ते जिना बांधायच्या आधी नेलं असावं. अकरा वाजता कपाटाची दारं काढली. बारा वाजता शेजाऱ्यांनी जेवायला थांबवलं, कारण बावीस वर्षांचा शेजार. एक वाजता डोळे पुसण्याचा कार्यक्रम. दोन वाजता सोसायटीच्या वॉचमनने अण्णांच्या चाकाला जॅमर लावला. अण्णांनी इंजिन या सगळ्या काळात बंद ठेवलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

फ्रिज उभाच ठेवा, आडवा केला की गॅस उतरतो. देव्हारा हौद्यात नको, मांडीवर. तुळशीचं वृंदावन केबिनमध्ये, कारण ते वाऱ्याने मोडेल. आजी केबिनमध्ये, कारण त्याही. माशांची टाकी कुणाच्या हातात द्यायची यावर पुन्हा पंधरा मिनिटं. रिकामे क्रेट आधीच हौद्यात होते, ते उतरवून पुन्हा एकात एक रचले, तरी निम्मे बाहेर राहिले. ते ठेवायला ओळखीच्या गाळ्यावर दोनशे रुपये आणि पुढच्या खेपेला परत आणण्याचं वचन. गाडी निघाली पावणेचारला. खंडाळ्याच्या घाटात आजींनी विचारलं, "ड्रायव्हरदादा, ॲव्हरेज किती देते हो?"

अण्णा गोंधळले. आजी गिऱ्हाईक होत्या, म्हणून आठ म्हणायला हवं होतं. पण भाडं आधीच ठरलेलं होतं, म्हणून सोळाही चाललं असतं. "बारा," अण्णा म्हणाले आणि तडजोडीचा तो आकडा ऐकून त्यांना स्वतःलाच कसंसं झालं.

शेजारच्या गावातल्या एकाने हा सगळा व्याप सोडून सीएनजीची पिकअप घेतली. तो आता सीएनजीच्या रांगेत असतो. त्याचं इंधन निम्मं वाचतं, आणि रांगेत बसून त्याने मोबाइलवर इतक्या बातम्या वाचल्या आहेत की ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतो. विजेवर चालणारी छोटी मालगाडी मे २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हा अण्णा ती शोरूममध्ये जाऊन बघून आले. सगळं पाहिलं, विचारलं, आणि शेवटी सेल्समनला बाजूला घेऊन म्हणाले, "वाटेत संपली तर पाचशेची टाकता येते का?"

घरात मात्र या सगळ्याचा हिशेब कुणीतरी ठेवत होतं. आपल्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, बचत गटाच्या सचिव आहेत. पासबुकात एका रुपयाचा फरक आला तर त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांनी एक शंभर पानी वही केली. टाकी तोंडापर्यंत भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा तोंडापर्यंत भरेल तेव्हा लिटर लिहायचे. अण्णांनी विरोध केला. आधी म्हणाले, मीटर नीट चालत नाही. मग म्हणाले, असं मोजलं की गाडीला दृष्ट लागते. वहिनींनी फाळक्याला लिंबू-मिरची बांधली आणि मोजायला सुरुवात केली.

पहिल्या पानावर ६१६ किलोमीटर आणि ५५ लिटर असे आकडे आहेत. खाली वहिनींनी भागाकार केला आहे आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या आहेत: ११.२. त्याच्या पुढे अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, 'त्या दिवशी समोरून वारा होता.'

दुसऱ्या पानावर १०.९. 'घाटात गर्दी.' तिसऱ्यावर ११.४, त्यावर शेरा नाही. चौथ्या पानापासून वहिनींनी एक रकाना वाढवला, 'चहा चालू गाडीत', आणि पाचव्यापासून दुसरा, 'क्रेट किती'. ज्या पानावर क्रेट सत्याहत्तर आहेत आणि चहाच्या रकान्यात शून्य आहे, त्या पानावर ॲव्हरेज १३.१ आलंय. ते एकच पान आहे. त्या दिवशी बाजारात माल कमी होता आणि अण्णांचा घसा बसला होता.

टपरीवर गाडी अजून सोळाच देते आणि भाडं ठरवताना आठ. वही सीटखालच्या पेटीत असते, जॅकच्या खाली, कुलपात. मिस्त्रीने एकदा बघायला मागितली होती. अण्णा म्हणाले, किल्ली घरी राहिली.